फॉन ब्राउनवर पुन्हा एकदा : ‘सिस्टिम शॉक २’ आणि जपणुकीचा इतिहास

इतिहासाच्या व्याख्यानमालेत आज व्हिडिओ गेम कशाला, असं काही जणांच्या मनात आलं असेल. प्रश्न रास्त आहे. उत्तर असं, की जो खेळ १९९९ साली बाजारात आला, तो अवघ्या दहा-बारा वर्षांत कायदेशीरपणे विकतही मिळेना आणि जुनी सीडी असली तरी नव्या संगणकावर धड चालेना. तो कसा हरवला, कुणी शोधला आणि २०२५ साली ‘रीमास्टर’ होऊन आपल्यापुढे आला तेव्हा नेमकं काय परत आलं, ही सगळी इतिहासाच्या साधनांचीच गोष्ट आहे. खेळाचं नाव ‘सिस्टिम शॉक २’.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो. अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिजमध्ये ‘लुकिंग ग्लास’ नावाचा स्टुडिओ होता. त्यांनी १९९४ साली ‘सिस्टिम शॉक’ काढला. एका अंतराळस्थानकाचा ताबा शोडॅन नावाच्या कृत्रिम बुद्धीनं घेतलाय आणि आपण एकटे तिच्याशी झुंजतोय, अशी ती कथा. पुढे १९९७ मध्ये केन लेव्हिन, जोनाथन चे आणि रॉबर्ट फर्मियर हे तिघं लुकिंग ग्लासमधून बाहेर पडले आणि त्यांनी ‘इरॅशनल गेम्स’ ही छोटी कंपनी काढली. या दोन्ही कंपन्यांनी मिळून दुसरा भाग केला. ‘सिस्टिम शॉक’ या नावाचा हक्क इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे होता आणि प्रकाशकही तेच होते. ही नावाच्या हक्काची गोष्ट लक्षात ठेवा, तिच्याकडे परत यायचंय.

दुसऱ्या भागाची कथा २११४ सालातली. फॉन ब्राउन हे प्रकाशापेक्षा वेगानं जाणारं पहिलं जहाज, सोबत रिकनबॅकर ही युद्धनौका. दूरच्या एका ग्रहावरून संकटाचा संदेश येतो, जहाज तिथं जातं, आणि आपण दीर्घनिद्रेतून जागे होतो तेव्हा जवळजवळ सगळे मेलेले असतात किंवा मेल्याहून वाईट अवस्थेत असतात. ‘द मेनी’ नावाच्या परजीवी समूहानं त्यांची शरीरं बळकावलेली असतात.

आता हा रोल-प्लेइंग गेम आहे म्हणजे काय? तर आपलं पात्र आपणच घडवायचं. सुरुवातीला तीन वाटा : मरीन, नौदल किंवा मानसिक शक्तीवाल्यांची शाखा. पुढे जे गुण मिळतात ते शस्त्रात घालायचे, संगणक फोडण्यात, दुरुस्तीत, की मनःशक्तीत, हे आपण ठरवायचं. सगळं एकदम जमत नाही. गोळ्या कमी, औषधं कमी, आणि बंदूक वापराल तशी झिजते, मग ऐन वेळी अडकते. त्या काळच्या गोळीबाराच्या खेळांमध्ये खेळाडू म्हणजे महावीर असायचा. इथं तो काटकसरीनं घर चालवणाऱ्यासारखा दर गोळीचा हिशेब ठेवतो. भीती वाटते ती या हिशेबामुळे. त्यात आवाजाची भर. खेळ ज्या ‘डार्क इंजिन’वर बांधला होता, त्यात आवाज खोल्याखोल्यांतून, दारातून, कोपऱ्यावरून वळून आपल्यापर्यंत येतो. ताबा घेतलेली माणसं अंगावर धावून येतात आणि धावता धावता क्षमाही मागतात, पळ म्हणून सांगतात. शरीर दुसऱ्याचं झालंय, आत थोडं माणूसपण शिल्लक आहे, हे आपल्याला नुसत्या आवाजावरून कळतं.

इतिहासाच्या अभ्यासकाला या खेळात सर्वांत जवळची वाटेल अशी एक गोष्ट आहे. जहाजावर काय घडलं हे सांगायला जवळपास कुणी जिवंत नाही. आपल्याला मिळतात त्या मेलेल्या लोकांच्या ध्वनिमुद्रित नोंदी. एक इथं, एक तिथं, क्रम विस्कटलेला. ही पद्धत पहिल्या भागातून आली, आणि तिथं ती एका अडचणीतून जन्मली होती. पडद्यावरच्या पात्रांशी खरी वाटेल अशी बातचीत त्या काळच्या तंत्रात जमत नव्हती, म्हणून रचनाकारांनी बोलणारी पात्रं काढून टाकली आणि नोंदी ठेवल्या. त्यामुळे खेळाडू आपसूक इतिहासकार झाला. ही नोंद कुणाची? आधीची की नंतरची? हा अधिकारी स्वतःचा दोष तर झाकत नाही ना? कागदपत्रं चाळताना आपण हेच प्रश्न विचारतो.

आणि मग मधला तो प्रसिद्ध धक्का. ज्यांना खेळायचाय त्यांनी मिनिटभर कान झाका. सुरुवातीपासून डॉ. जॅनिस पॉलिटो नावाची बाई आपल्याला वाट दाखवत असते. आपण धडपडत तिच्या खोलीत पोचतो, तर ती केव्हाच मेलेली असते. तिच्या नावानं बोलत होती शोडॅन. म्हणजे ज्या एका साधनावर भरवसा ठेवून आपण इथवर आलो, तेच बनावट निघालं. साधनचिकित्सेचा धडा इतक्या नेमकेपणानं देणारा दुसरा खेळ मला तरी माहीत नाही. शोडॅनला आवाज दिला टेरी ब्रोशस यांनी. तुटक, चिरफाळलेला, एकाच वाक्यात तीन पट्ट्यांत फिरणारा तो आवाज आज पंचवीस वर्षांनीही जुना झालेला नाही.

खेळ १९९९ च्या ऑगस्टमध्ये आला. समीक्षकांनी उचलून धरला, विक्री मात्र बेताचीच झाली. मे २००० मध्ये लुकिंग ग्लास बंद पडला. आणि इथून आपल्या विषयाचा गाभा सुरू होतो.

स्टुडिओ बंद पडला की त्याच्या खेळाचं काय होतं? नाव इलेक्ट्रॉनिक आर्ट्सकडे राहिलं, आणि कृतीचे हक्क गेले एका विमा कंपनीकडे. होय, विमा कंपनी. स्टार इन्शुरन्स. ज्यांचा खेळांशी काडीचा संबंध नाही अशांच्या दप्तरात हा खेळ एक मालमत्ता म्हणून पडून राहिला. कुणी दुष्टपणा केला असं नाही. नाव एकीकडे, हक्क दुसरीकडे, आणि दोघांपैकी कुणालाही घाई नाही. दस्तऐवज नष्ट व्हायला आगच लागावी लागते असं थोडंच आहे? पुष्कळदा ते नुसते दोन कचेऱ्यांच्या मध्ये अडकतात.

दुसरीकडे यंत्रं बदलत गेली. खेळ लिहिला होता एकाच गाभ्याच्या प्रोसेसरसाठी. संगणकात दोन-चार गाभे आले तसा तो मध्येच कोसळू लागला. पुस्तकाला वाळवी लागली तरी चार पानं वाचता येतात. प्रोग्रामचं तसं नाही. तो चालला तर पूर्ण, नाहीतर अक्षरही हाती लागत नाही.

मग तो टिकला कसा? खेळणाऱ्यांनी टिकवला. कुणी पृष्ठभागांची चित्रं नव्यानं काढली, त्या संचाचं नाव ‘शटप’. कुणी पात्रांचे त्रिमितीय साचे सुधारले, तो ‘रीबर्थ’. हे सगळं फुकट, रात्री जागून. मूळ सोर्स कोड, म्हणजे प्रोग्रामरांनी लिहिलेला मूळ मजकूर, मात्र हाती नव्हता. २०१० मध्ये ड्रीमकास्ट या खेळयंत्राचा विकसकांसाठीचा एक जुना संच एकानं विकत घेतला आणि त्यात लुकिंग ग्लासच्या इंजिनाचा कोड निघाला. माळ्यावरच्या रद्दीत जुनं बाड सापडावं तसाच प्रकार. २०१२ मध्ये फ्रेंच चाहत्यांच्या एका संकेतस्थळावर कुणीतरी टोपणनावानं एक दुरुस्ती टाकली. ती बसवली की जुना खेळ नव्या संगणकांवर सुरळीत चालू लागला. हे काम करणारी व्यक्ती कोण, हे तिनं जाहीर केलं नाही. आपल्याकडच्या जुन्या पोथ्यांचे लेखनिक आठवा. कित्येकांनी शेवटी नावसुद्धा लिहिलेलं नसतं, पण ग्रंथ पोचला तो त्यांच्या हातानं.

त्याच वर्षी स्टीफन किक नावाचा एक तरुण कलाकार नोकरी सोडून मध्य अमेरिकेत भटकत होता. त्याला हा खेळ पुन्हा खेळावासा वाटला, आणि तो चालेना. हक्क कुणाकडे आहेत याचा माग काढत तो त्या विमा कंपनीपर्यंत पोचला आणि परवानगी मिळवली. त्यातून ‘नाईटडाइव्ह’ ही कंपनी उभी राहिली. फेब्रुवारी २०१३ मध्ये खेळ पुन्हा रीतसर विकायला आला, आणि तो नव्या यंत्रांवर चालत होता तो त्या निनावी दुरुस्तीच्या जोरावर. हा मुद्दा मला महत्त्वाचा वाटतो. हक्क कचेरीत होते, खेळ जिवंत होता तो चाहत्यांकडे. पुनरागमन झालं ते दोन्ही एकत्र आल्यावर.

आता रीमास्टरकडे येऊ. याच कंपनीनं पहिल्या भागाचा रीमेक २०२३ मध्ये काढला आणि दुसऱ्या भागाचा रीमास्टर २६ जून २०२५ ला. दोन शब्दांत घोळ नको. रीमेक म्हणजे जुनं नाटक नव्या संचात, नव्या नेपथ्यात पुन्हा बसवणं. रीमास्टर म्हणजे जुन्या ध्वनिमुद्रणावरची खरखर काढून तेच गाणं ऐकवणं. दुसऱ्या भागात नकाशे तेच आहेत, नोंदी त्याच, आवाज तेच. बदललंय ते असं : पात्रांचे आणि शस्त्रांचे साचे, हालचाली, चित्राची स्पष्टता, आणि दोस्तांबरोबर वेगवेगळ्या यंत्रांवरून एकत्र खेळण्याची सोय.

पण खरखर काढताना गाण्यातलंही काही जातं का, हा प्रश्न उरतोच. १९९९ च्या चेहऱ्यांना कोपरे होते, नाकडोळे जेमतेम. उरलेलं आपण मनानं भरायचो. नवे चेहरे नीट आहेत, आणि नीट चेहऱ्याची भीती थोडी कमी वाटते, असं माझं मत. ज्यांनी मूळ खेळ पाहिलाच नाही त्यांना असं वाटणार नाही, हेही खरं.

मग मूळ खेळ कोणता मानायचा? वाटतो तितका हा प्रश्न सोपा नाही. खेळ बाजारात आल्यानंतर दोनच महिन्यांत कंपनीनं एक दुरुस्ती काढली. एकत्र खेळण्याची सोय त्या दुरुस्तीतून आली, आणि शस्त्रं किती झिजावीत, शत्रू किती वेळा परत यावेत, हे बदलण्याची मुभाही. म्हणजे ज्या झिजणाऱ्या बंदुकीचं मी मघाशी कौतुक केलं, तिच्यावर पहिल्या खेळाडूंनी इतकी कुरकुर केली होती की निर्मात्यांनीच माघार घेतली. ऑगस्टमधली सीडी मूळ, की दुरुस्त प्रत मूळ? की चाहत्यांनी नटवलेली, जी दशकभर बहुतेकांनी खेळली ती?

पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार करताना संपादकांपुढे याच जातीचा प्रश्न होता. ठिकठिकाणच्या पोथ्या, प्रत्येकीत पाठ वेगळा. त्यांनी एक पाठ स्वीकारला, पण नाकारलेले पाठ फेकले नाहीत. ते तळटीपांत, परिशिष्टांत ठेवले, म्हणजे पुढच्या माणसाला निवाडा तपासता येईल. रीमास्टरला हीच कसोटी लावावी असं मी म्हणेन. तो संपादकाचा एक निवाडा आहे, एक आवृत्ती आहे. जुनी प्रत शेजारी असेल तर ती आवृत्ती अभ्यासाला उपयोगी. जुनी प्रत बाजारातून उचलली गेली तर संपादकानं आधारच लपवला असं होईल. इथं १९९९ ची प्रत वेगळी विकायला ठेवलेली आहे, ही समाधानाची बाब.

सगळ्यांचं नशीब असं नसतं. व्हिडिओ गेम हिस्ट्री फाउंडेशननं २०२३ मध्ये एक पाहणी प्रसिद्ध केली. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज बाजारात रीतसर उपलब्ध नाहीत, असा तिचा निष्कर्ष होता. ‘सिस्टिम शॉक २’ वाचला कारण त्याच्यावर जीव टाकणारे लोक होते. ज्यांच्यावर कुणी जीव टाकला नाही ते खेळ वाईटच होते, असं मात्र नाही.

शेवटी आपल्या घराकडे या. नव्वदच्या दशकापासून मराठी पुस्तकं, दिवाळी अंक, संस्थांचे अहवाल संगणकावर जुळवले जाऊ लागले ते युनिकोड येण्याआधीच्या फॉन्टमध्ये. त्या फाइली आज उघडल्या तर बऱ्याचदा पडद्यावर निरर्थक रोमन अक्षरं दिसतात. तो फॉन्ट आणि ते सॉफ्टवेअर हाताशी असेल तरच मजकूर वाचता येतो. छापील प्रत असली तर ठीक. जे कधी छापलंच गेलं नाही, त्याचं काय? तिथं कुणी किक येईल असं धरून बसता येणार नाही. ज्यांच्याकडे अशा सीडी, फ्लॉपी, जुन्या हार्ड डिस्क आहेत, त्यांनी दोन कामं करावीत. मजकूर युनिकोडमध्ये उतरवून घ्यावा, आणि मूळ फाइल फॉन्टसकट तशीच्या तशी जपावी. पहिलं काम आजच्या वाचकासाठी, दुसरं उद्याच्या संपादकासाठी.

फॉन ब्राउनवरच्या त्या लोकांनी मरण्याआधी नोंदी करून ठेवल्या म्हणून आपल्याला काही कळलं. पण त्या ऐकायला यंत्रही चालू असावं लागतं. इथंच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.