कमी उंचीची स्पोर्ट्स कार घरी उचलणे

कमी उंचीची स्पोर्ट्स कार घरी उचलणे म्हणजे कार्यशाळेतील लिफ्टशिवाय, जॅकच्या साहाय्याने गाडी वर उचलून तिला जॅक स्टँड या पोलादी आधारांवर टेकवण्याची क्रिया होय. इंजिनाचे तेल किंवा ब्रेक पॅड बदलणे, सायलेन्सर तपासणे अशा कामांसाठी ती करावी लागते. या क्रियेचे उचलणे आणि टेकवणे असे दोन भाग असून त्यांची साधनेही वेगळी आहेत. जॅक गाडी उचलतो. ती धरून ठेवणे हे त्याचे काम नव्हे. या दोन कामांची गल्लत जिवावर बेतते. गाडी अंगावर उतरल्यास केवळ हाडे मोडतात असे नाही. छातीवर भार पडला की फुप्फुसे फुगू शकत नाहीत, माणसाला हाक मारणेही अशक्य होते आणि तो काही मिनिटांत गुदमरतो. म्हणून असे काम घरात एकटे असताना करू नये.

जॅक व त्याची मर्यादा

घरगुती वापरात चाकांवर सरकणारा ट्रॉली जॅक सोयीचा ठरतो. त्याचे कार्य पास्कलच्या नियमावर चालते: लहान दट्ट्यावर दिलेला दाब तेलातून मोठ्या दट्ट्यापर्यंत पोहोचतो व तेथे अनेक पटींनी अधिक बल निर्माण होते. सहज हलवता येणाऱ्या अशा द्रवचालित जॅकचे पेटंट न्यूयॉर्कच्या रिचर्ड डजन यांनी १८५१ साली घेतले. या रचनेत संपूर्ण भार रबरी सीलच्या आड कोंडलेल्या तेलावर असतो. सील झिजले किंवा झडपेत कचरा अडकला की जॅक हळूहळू, क्वचित एकाएकी, खाली बसतो.

स्पोर्ट्स कारच्या बाबतीत पहिली अडचण जॅक आत सरकवण्याचीच असते. अशा गाड्यांचा तळ जमिनीपासून साधारणतः १०० ते १३० मिलिमीटर उंच असतो, आणि नेहमीचा ट्रॉली जॅक पूर्ण खाली असतानाही त्याखाली जात नाही. ७५ ते ९० मिलिमीटर उंचीचे ठेंगणे जॅक यासाठी मिळतात. तरीही लांब पुढे आलेल्या बंपरमुळे दांडा हलवायला जागा उरत नाही. यावर सोपा उपाय म्हणजे चारही चाके आधी सुमारे ४० मिलिमीटर जाडीच्या रुंद लाकडी फळ्यांवर चढवणे.

जॅकची भुजा वर जाताना सरळ रेषेत न जाता कंसाकार जाते. त्यामुळे उचलताना जॅक स्वतः थोडा सरकणे आवश्यक असते. खडबडीत जमिनीवर किंवा फटीत चाक अडकल्यास जॅक सरकत नाही व त्याची बशी टेकणाच्या ठिकाणावरून घसरते.

शेव्हरोले कॉर्व्हेटचे उदाहरण

टेकण कोठे द्यावे हे प्रत्येक गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते आणि त्यास पर्याय नाही. १९९७ ते २००४ या काळातील पाचव्या पिढीची कॉर्व्हेट हे याचे बोलके उदाहरण आहे. हवा गेल्यावरही काही अंतर धावणारे टायर असल्यामुळे या गाडीसोबत जादा चाक नसे आणि जॅकही नसे. मालकाला तो वेगळा घ्यावा लागतो. सुमारे दीड टन वजनाच्या या गाडीची तळफळी दोन संमिश्र थरांमध्ये बाल्सा हे हलके लाकूड भरून केलेली आहे. ती पायांचा भार सहज पेलते, जॅकचा पेलत नाही. दारांखालचे पट्टेही भार घेण्यासाठी नाहीत. चासीच्या दोन्ही बाजूंच्या पोलादी तुळयांत पुढच्या चाकांमागे व मागच्या चाकांपुढे लांबट खाचा आहेत. त्यांत बसणारी चकती लावून तिच्याखाली जॅक दिल्यास भार पट्ट्यावर न येता तुळईवर येतो. पुढील व मागील सस्पेन्शन ज्या आडव्या चौकटींवर बसवलेले आहे त्यांखालीही जॅक देता येतो. मात्र शेजारची संमिश्र द्रव्याची आडवी लीफ स्प्रिंग आणि मागील बाजूस असलेली गिअरबॉक्स कटाक्षाने टाळावी लागते.

उचलण्याचा क्रम

जमीन सपाट व टणक असावी. अमेरिकेतील घरगुती गॅरेजची फरशी बहुधा पाणी वाहून जाण्यासाठी दाराकडे किंचित उतरती असते. डोळ्यांना न दिसणारा हा उतार गाडीला मात्र कळतो. डांबरी जागेत, विशेषतः उन्हात, स्टँडचे पाय रुतत असल्याने त्यांखाली जाड प्लायवूड घालतात. चाके काढायची असल्यास नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करतात.

मागच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत हँडब्रेक आणि गिअर दोन्ही मागच्याच चाकांना धरतात. ती चाके अधांतरी झाली की दोन्ही निरुपयोगी ठरतात आणि पुढची चाके मोकळी फिरू शकतात. म्हणून आधी मागच्या चाकांना पाचरी लावून पुढची बाजू उचलणे व स्टँडवर टेकवणे, नंतर मागची बाजू घेणे श्रेयस्कर. दुसरी बाजू वर जाताना पहिल्या बाजूचे स्टँड गाडीबरोबर कलतात; त्यामुळे थोडी थोडी उंची घेत, दर टप्प्याला चारही पाय जमिनीवर आहेत हे पाहत जावे लागते.

जॅक स्टँड

स्टँड दोन प्रकारचे असतात: दातेरी दांडा खटक्याने अडणारे आणि आरपार भोकात खीळ घालायचे. २०२० साली हार्बर फ्रेट टूल्स या अमेरिकी दुकान-साखळीला ३ व ६ टनांचे लाखो दातेरी स्टँड परत मागवावे लागले, कारण खटका दात्यात पुरेसा न बसल्यास भार हलताच स्टँड खाली येण्याचा धोका होता. नंतर ३ टनांच्या आणखी एका प्रकारात वेल्डिंगचे दोष आढळले व तेही परत घेतले गेले. खीळ असलेला स्टँड उंची लावायला गैरसोयीचा, पण अधिक भरवशाचा आहे. लिहिलेली क्षमता एका स्टँडची की जोडीची, हेही तपासून घ्यावे लागते. विटा व पोकळ सिमेंट ब्लॉक या कामी वर्ज्य होत. एका बिंदूवर भार आला की ते पूर्वसूचनेशिवाय फुटतात.

गाडी टेकल्यावर खाली जाण्यापूर्वी तिला बाजूने जोर लावून हलवून पाहतात. पडायचीच असेल तर ती तेव्हा पडावी. जॅक काढून न टाकता भार न देता टेकवून ठेवतात, आणि काढलेली चाके गाडीखाली आडवी सरकवून ठेवतात. उतरवताना क्रम उलटा असतो: जॅकची झडप अगदी सावकाश उघडतात, आणि चाकांचे नट गाडी जमिनीवर आल्यानंतरच टॉर्क पान्याने घट्ट करतात. या कॉर्व्हेटसाठी तो आकडा १०० फूट-पौंड आहे.