जनावरं घेऊन कुठं जायचं?

बहात्तरच्या दुष्काळाची गोष्ट आमच्या घरात आजीच सांगायची. विषय निघाला की आण्णा, म्हणजे आजोबा, उठून गोठ्याकडं जायचे. आमचं गाव आटपाडी तालुक्यात. सह्याद्रीनं अडवलेल्या ढगांचं उरलंसुरलं पाणी आमच्या वाट्याला येतं. अशा मुलखात माणसानं रानापेक्षा जनावरावर जास्त भरवसा ठेवला. खिल्लार बैल इथलेच: पांढरे, लांब शिंगांचे, पायात वारं भरल्यासारखे. खरसुंडीच्या यात्रेत त्यांचा बाजार भरतो. त्या बाजारात खोंडाला काय भाव आला, यावर आमच्या घरातलं एक लग्न ठरलं होतं, असं आजी सांगायची.

१९७० पासून पाऊस हटत गेला आणि १९७२ ला त्यानं पार पाठ फिरवली. आधी कडबा संपला. मग गोठ्याच्या छपरावरचं जुनं गवत उपसून गव्हाणीत टाकलं. काळं पडलेलं, धुराचा वास मारणारं ते गवतही जनावरांनी खाल्लं. मग उंबर, पिंपळ ओरबाडले, बाभळीच्या शेंगा वेचल्या. फड्या निवडुंग आरावर धरून काटे जाळले आणि तुकडे करून चारले. काही घरांनी गाईच्या कपाळाला कुंकू लावलं, पाया पडले आणि दावं सोडून दिलं. सोडलेली गाय दिवस मावळताना परत त्याच दारात येऊन उभी राहायची. इथं आली की आजी म्हणायची, "म्होरलं न्हाई सांगत."

माणसांसाठी सरकार उभं राहिलं, हेही ती आवर्जून सांगायची. वि. स. पागे यांनी १९६५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, तासगाव तालुक्यातल्या विसापूरला रोजगार हमीचा प्रयोग करून पाहिला होता. दुष्काळात तीच कल्पना राज्यभर कामाला आली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. १९७३ च्या उन्हाळ्यात जवळजवळ ५० लाख माणसं दुष्काळी कामांवर खडी फोडत होती, नालाबांध घालत होती, पाझर तलाव खोदत होती. आजी खडीवर होती. तिथं मिळालेली सुकडी ती पदरात बांधून आणायची आणि त्यातली मूठभर कालवडीसमोर धरायची. मस्टरवर तिचं नाव होतं, कालवडीचं नव्हतं. एका माणसाच्या पोटाचा हिशेब सरकारनं धरला होता, पण आजीच्या हिशेबात दावणही चुलीइतकीच होती. गुरांच्या छावण्या निघाल्या खऱ्या, पण आमच्या बाजूला कुणी दखल घेईपर्यंत आण्णांनी वाट धरली होती.

ते खाली गेले. आमच्याकडं नदीकाठाला अजूनही "खाली" म्हणतात. दोन बैल आणि ती कालवड घेऊन ते रात्री चालायचे, दिवसा सावली बघून बसायचे. पलूसच्या बाजूला कृष्णाकाठच्या एका गावात एका शेतकऱ्यानं त्यांना बांधावर जागा दिली. पैशाचं बोलणं झालं नाही. उसाचं वाढं आण्णांच्या जनावरांना, आणि जनावरांचं शेण त्या शेतकऱ्याच्या रानाला, एवढाच व्यवहार. पुढं पाऊस झाल्यावर आण्णा माघारी आले, तेव्हा कालवड गाभण होती. आमच्या गोठ्यातल्या नंतरच्या सगळ्या गाई तिच्याच वंशातल्या. त्या घराशी आमचा आहेर-माहेर तेव्हापासून सुरू झाला.

या गोष्टीचा मी पुष्कळ विचार केला आहे. आमच्या वडीलधाऱ्यांनी जे सोसलं ते भयंकर होतं, पण त्यांच्या दुष्काळाला एक दिशा होती. वर आटलं की खाली जायचं. नदी तिथं असणार, ऊस असणार, कुणीतरी बांधावर जागा देणार. मेंढपाळांच्याही वाटा अशाच ठरलेल्या: दिवाळी झाली की तळ हलवायचा, रानोरान मेंढरं बसवायची, लेंडीखताच्या बदल्यात धान्य घ्यायचं आणि मृगाच्या आधी परतायचं. ऋतू वेळेवर येतात, या विश्वासावर हे सगळं उभं होतं.

२०१२ ला पुन्हा पाणी गेलं तेव्हा आजी थकली होती. ती म्हणाली, "बहात्तरला दाणा नव्हता, हिरीला पाणी हुतं. आता दुकानात दाणा हाय, हिरीत न्हाई." तिचं म्हणणं अगदी खरं होतं. मधल्या चाळीस वर्षांत बोअरवेलनं जमिनीच्या पोटातलं पाणी उपसलं होतं. बहात्तरनंतर पुरंदरमधल्या नायगावला विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी जमिनीच्या मापानं नाही तर माणशी वाटायचं, भूमिहीनालाही त्यात हक्क द्यायचा आणि त्या पाण्यावर ऊस घ्यायचा नाही, असा तिचा दंडक होता. महाराष्ट्रानं साळुंख्यांचं कौतुक भरपूर केलं, पण त्यांचं ऐकलं फार थोडं. माझ्या मते ती आपली फार मोठी चूक झाली.

२०१२ च्या त्या दुष्काळात माण तालुक्यात म्हसवडला चेतना सिन्हा यांच्या माणदेशी फाउंडेशननं छावणी उघडली. माझी आत्या त्या भागात दिलेली. तिच्याकडं गेलो तर घराला कुलूप, आणि सगळं घर छावणीत. बांबूवर जुन्या साड्या, पोती आणि शेडनेट टाकून केलेल्या रांगाच्या रांगा. प्रत्येक रांगेत जनावरं आणि त्यांच्या पायथ्याशी माणसांची बाजली. सकाळी काट्यावर ऊस आणि मका तोलून मिळायचा. बायका शेण काढायच्या, पाण्याच्या टाकीवरून घागरी आणायच्या. पोरं तिथूनच शाळेला जायची. रात्री कुठल्यातरी रांगेतून भजन ऐकू यायचं. एका रात्रीपुरतीही घराबाहेर न राहिलेल्या बायका तिथं महिनोन् महिने राहिल्या, परक्या गावच्या बायकांच्या मैत्रिणी झाल्या. "घर कुठाय म्हणशील तर हितं हाय," आत्या म्हणाली, "तिकडं नुस्त्या भिंती."

छावणी म्हणजे भूतदया, असं शहरात अनेकांना वाटतं. त्यांना तिचं गणित ठाऊक नसतं. दुष्काळात सगळेच एकदम विकायला काढतात, म्हणून जनावराचा भाव कोसळतो. पाऊस झाला की सगळ्यांनाच बैल हवा असतो, तेव्हा तोच भाव आवाक्याबाहेर जातो. ज्यानं दुष्काळात गाय विकली, त्याच्या दारात पुन्हा गाय येणं अवघड. जनावर टिकलं तर दुधाचा आठवड्याचा पगार टिकतो, शेणखत टिकतं, पोरीची शाळा टिकते. मी वाईट छावण्याही पाहिल्या. काट्यात मारणाऱ्या, आजारी जनावराला डॉक्टर न दाखवणाऱ्या. चांगल्या छावणीत मात्र माणूस आणि जनावर एकाच कुटुंबात धरलेले असतात. समाजकार्याचा याहून नेमका अर्थ मला अजून सापडलेला नाही.

२०१९ ला छावण्या पुन्हा लागल्या. ऑगस्ट उजाडला तरी आमच्या तालुक्यात पाण्याचे टँकर फिरत होते. आणि त्याच ऑगस्टमध्ये, त्याच जिल्ह्यात, सांगलीला कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली. तिथली धोक्याची पातळी आहे ४५. आण्णांना बांधावर जागा देणाऱ्या त्या घरात पाणी शिरलं. होडी आली तेव्हा घरातली माणसं चढेनात. पूरपट्ट्यात गावोगाव हेच चाललं होतं. म्हशी ठेवून येणार नाही, एवढं एकच उत्तर मिळत होतं. त्या घरच्या दादांनी म्हशी जिन्यानं माडीवर चढवल्या आणि स्वतः त्यांच्याजवळ बसून राहिले. इकडं आत्याच्या छावणीत बायकांनी आपापल्या चुलीवरची भाकरी बाजूला काढली. पाणी थोडं उतरल्यावर आम्ही भाकरी आणि पेंडीची पोती घेऊन निघालो. दुष्काळातून पुराकडं जाणारा तो टेंपो होता. वाटेत चुलतभाऊ म्हणाला, "आता आपल्यावर येळ आली, तर खाली कुणाकडं जायाचं?" टेंपोत कुणीच काही बोललं नाही.

पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं आहे की १९५० पासून मध्य भारतात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना तिपटीनं वाढल्या आहेत, आणि अरबी समुद्रातली वादळंही वाढली आहेत. तोच समुद्र आमच्याकडं पाऊस धाडतो. आता तो धाडतो कमी वेळा आणि एकदम, किंवा भलत्याच महिन्यात. पूरपट्ट्यातले लोक २०१९ च्या पुरातून शिकले आहेत. जिन्यानं चढवलेल्या म्हशी उतरवताना हाल झाले होते, म्हणून दादांनी पुढच्या वर्षी माडीला दगडी उतरण बांधून घेतली. जुलै २०२१ मध्ये पुन्हा पूर आला, तेव्हा म्हशी तिच्यावरून वर गेल्या.

मेंढपाळाला असं काही बांधता येत नाही, कारण त्याला माडीच नसते. त्याच वर्षी, डिसेंबरच्या पहिल्या दोन दिवसांत, अवकाळी पाऊस आणि गारठा आला. पुणे आणि नगर जिल्ह्यांत उघड्या रानात बसवलेल्या शेकडो मेंढ्या काकडून मेल्या. आमच्या शिवारात दरवर्षी तळ टाकणारे एक बाबा आहेत. त्यांच्या भावकीतला मेंढरांचा एक वाडा त्या पावसात सापडला होता. छावणी गाई-बैलांची असते, मेंढरांना ती क्वचितच मिळते. आणि मिळाली तरी ती एका गावात असते, हे तर चालत्या वाटेवरचे लोक.

मदत काय हवी, असं आम्ही बाबांना विचारलं तेव्हा त्यांनी पैसे मागितले नाहीत. ते म्हणाले, पाऊस येणार असला तर दोन दिस आधी मोबाईलवर आमच्या बोलीत सांगा, लिवल्यालं वाचता येत न्हाई. आन् वाटंवरच्या बाजार समितीच्या रिकाम्या शेडात मेंढरं एक रात घालू द्या, हाकलू नका. आमच्या गावच्या पोरांनी त्यांच्या वाटेवरच्या अशा शेडांची यादी करायला घेतली आहे. कुठली चावी कुणाकडं असते, हेही ते तिच्यात लिहीत आहेत. निम्म्या वाटेपर्यंतची यादी झाली आहे.