रनर

पातूरच्या रेणुकामातेच्या टेकडीखाली तू भरतीसाठी सोळाशे मीटर मारतोस ना? आज थांबू नकोस. तसाच पळत 9 एप्रिल 1945 च्या संध्याकाळी इटलीत ये.

समोर सेनिओ नदी. दोन्ही काठांना मातीचे उंच बांध, त्यांच्या पोटात जर्मनांनी खोदलेले मोर्चे आणि उतारावर पेरलेले सुरुंग. तू पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या पलटणीत आहेस. शेजारी नामदेव जाधव, अहमदनगर जिल्ह्यातल्या निमजचा. तो कंपनीचा रनर. कंपनी कमांडरच्या मागे राहायचं, निरोप पोचवायचा, एवढंच त्याचं काम.

तुम्ही पाणी कापून पलीकडे निघता आणि पाठीमागून गोळ्या येतात. जो बांध आत्ता ओलांडला, त्याच्याच आतल्या अंगाला मशिनगन दडल्यात! कमांडर आणि दोन जवान जखमी होतात. बाकीचे जागीच पडतात. धडधाकट उरतो तो एकटा नामदेव.

आता त्याच्याकडे बघ. एका जखमीला तो उचलतो. खोल पाण्यात ओल्या गणवेशातला माणूस किती जड होतो! पुढे उभा चढ, पायाखाली सुरुंग, वरून तोफगोळे. तरी तो त्याला बांधापलीकडे आपल्या माणसांत पोचवतो. आणि परत फिरतो. हे परत फिरणंच मला सगळ्यात मोठं वाटतं. पहिल्या खेपेला वाट ठाऊक नव्हती, आता त्या वाटेवर काय काय आहे ते त्याला पुरतं कळलंय. त्याच वाटेनं तो दुसऱ्यालाही आणतो.

तिसऱ्यांदा तो जातो तो मेलेल्या सोबत्यांचा सूड घ्यायला. टॉमीगननं पहिला मोर्चा गप्प करतो. हाताला गोळी लागते, बंदूक चालवता येईना, तर ती फेकून देतो आणि हातबॉम्ब काढतो. तेही संपतात. मग सरपटत बांधाच्या माथ्यावर जातो, पलीकडच्या सोबत्यांकडून आणखी घेतो आणि उरलेले दोन मोर्चेही उडवतो.

या कामगिरीसाठी त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळणार आहे. ते पुढं. आत्ता तोफगोळे पडतच आहेत, आणि नामदेव बांधावर उघड्यावर उभा राहून मराठा पलटणीची गर्जना देतोय, हात हलवून मागच्या कंपन्यांना बोलावतोय. चल, उतर पाण्यात.