देयधम्म : लेण्यांतील पोढी आणि महाडचे तळे

भारतीय संस्कृतीतील दानाचा इतिहास सांगताना राजेरजवाडे, देवस्थाने आणि पुरोहितांना मिळालेली अग्रहारे यांचाच उल्लेख विशेष होतो. रायगडच्या किनाऱ्यावरील बौद्ध लेणी या इतिहासाची दुसरी बाजू दाखवितात. ती बाजू आम्ही येथे पाण्याच्या दानाच्या अनुषंगाने पाहणार आहोत.

राजपुरीच्या खाडीलगत, मांदाडजवळ, कुडा येथे २६ लेणी आहेत. तेथील ब्राह्मी लिपीतील प्राकृत लेखांत दात्यांची नावे व व्यवसाय कोरलेले आहेत. महाभोजांच्या पदरी असलेला लेखक शिवभूती, वैद्य सोमदेव, कऱ्हाडचा लोखंडाचा व्यापारी महिक, प्रव्रजिता पदुमनिका आणि ब्राह्मण उपासकाची पत्नी भयिला ही त्यांतील काही नावे होत. राजकुलाच्या सेवकाबरोबर लोखंड विकणारा आणि पुरुषांबरोबर स्त्रिया येथे दाते आहेत. त्यांच्या दानाला एकच शब्द आहे, तो म्हणजे ‘देयधम’, धम्मासाठी दिलेली वस्तू.

महाडलगतच्या गंधारपाले लेण्यांत राजकुमार काणभोज विष्णुपालित याचा लेख आहे. त्याने लेणे, चैत्यगृह, आठ ओवऱ्या आणि पाण्याच्या दोन पोढ्या दिल्या. पोढी म्हणजे कातळात खोदलेले टाके. चौलचे, म्हणजे त्या काळच्या चेमुलाचे, दातेही कान्हेरीच्या लेखांत भेटतात. तेथील रोहिणिमित्राच्या एका पुत्राने पोढी दिली, तर दुसऱ्याने वाट बांधून दिली. कोकणात पावसाळ्यात पाण्याची वाण नसते, परंतु चैत्र-वैशाखात डोंगरावरील ओढे आटतात. तेव्हा पोढीतील साठा हाच आधार असे. महाराष्ट्रातील अनेक लेखांत दान ‘चातुदिस’, म्हणजे चारी दिशांच्या संघाला दिलेले आहे. ही दाने प्रामुख्याने भिक्षुसंघासाठी होती हे खरे. परंतु त्या संघात प्रवेश करणाऱ्याची जात तथागतांनी विचारली नव्हती. म्हणून त्या पोढीवर जातीचा पहारा बसणे शक्य नव्हते.

याच डोंगराच्या पायथ्याच्या महाडात पुढे काय घडले, ते आपण जाणतो. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करणारा बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचे जाहीर केले. परंतु ठराव कागदावरच राहिला. मार्च १९२७ च्या परिषदेसाठी चाळीस रुपयांचे पाणी सवर्णांकडून विकत घ्यावे लागले. ज्या भूमीत पोढ्या धम्मदान म्हणून दिल्या गेल्या, तेथे माणसाला पाणी मिळाले ते पैसे मोजून! २० मार्च रोजी बाबासाहेबांनी आपल्या बांधवांसह तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर परिषदेच्या लोकांवर हल्ला झाला आणि पंचगव्याने तळ्याचे ‘शुद्धीकरण’ करण्यात आले.

डिसेंबरच्या परिषदेला जागा मिळेना, तेव्हा फत्तेखान या मुसलमान गृहस्थांनी आपली जागा दिली. आमच्या मते हेही एक देयधम होते. त्या वेळी बाबासाहेबांनी सहकाऱ्यांसह महाडजवळची बौद्ध लेणीही पाहिली. तळ्याचा न्यायालयीन लढा १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या निकालाने संपला.

या दोन काळांना एकत्र ठेवल्यावर एक गोष्ट स्पष्ट होते. ज्याच्यावर माणसाचा हक्क आहे ते अडवून ठेवणे आणि मग त्यातील ओंजळभर दयेने देणे, यास दान म्हणता येत नाही. महाडची मागणी दानाची नव्हती, हक्काची होती. हक्क मान्य झाल्यावरच दानाला धम्माचे मोल येते.

१५ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी प्रत्येक बौद्धाने उत्पन्नाचा विसावा भाग धम्मकार्यास द्यावा असे सांगितले. दहा पारमितांचे पालन करण्याची प्रतिज्ञाही आपण घेतली आहे, आणि दान ही त्यांतील पहिली पारमिता होय. आपल्या विहारांत आज दात्यांच्या नावांच्या पाट्या लागतात. त्यात गैर काही नाही, कुड्याच्या दात्यांनीही नावे कोरलीच होती. परंतु त्या नावांखाली वाहते राहिले ते पाणी. आपल्या पाटीखालून वस्तीतील मुलांना अभ्यासिका, आजाऱ्याला औषध आणि दारी आलेल्या कोणाही तहानलेल्याला पाणी मिळते काय, हा प्रश्न प्रत्येक विहाराने स्वतःस विचारावा, अशी आमची नम्र विनंती आहे.