विमानविद्येतील पदव्युत्तर संशोधन प्रकल्प : विषयनिवडीपासून मौखिक परीक्षेपर्यंत

नवी दिल्ली : विमानविद्येतील एम.टेक. पदवी केवळ लेखी परीक्षांवर मिळत नाही. दोन वर्षांच्या अभ्यासक्रमात पहिले वर्ष प्रामुख्याने विषयांच्या अध्यापनाचे असते. दुसरे वर्ष मार्गदर्शकाच्या देखरेखीखालील संशोधन प्रकल्पाला द्यावे लागते. प्रकल्प रखडल्यास पदवी लांबते, हाती आलेली नोकरी किंवा पीएच.डी. प्रवेशही धोक्यात येऊ शकतो. त्यामुळे या प्रकल्पाचे टप्पे आणि नियम आधीच माहीत असणे हिताचे ठरते.

परंपरा

भारतात या शिक्षणाचा पाया बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत 1942 मध्ये सुरू झालेल्या वैमानिकी अभियांत्रिकी विभागाने घातला. जर्मनीतील गटिंगेन येथे लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळवलेले डॉ. विष्णू माधव घाटगे यांचा त्याच्या उभारणीत मोठा वाटा होता. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आकारास आलेल्या एचटी-2 या प्रशिक्षण विमानाने 1951 मध्ये पहिले उड्डाण केले. गुरूच्या प्रयोगशाळेत शिकलेले शास्त्र प्रत्यक्ष विमानात उतरल्याचे हे भारतातील आरंभीचे उदाहरण होय.

प्रवेश आणि मार्गदर्शक

आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्थेतील प्रवेश मुख्यत्वे गेट परीक्षेतील गुणांवर होतो. मुंबई आयआयटीत वायुगतिकी, गतिकी व नियंत्रण, प्रणोदन आणि संरचना या शाखांत विशेष अध्ययन करता येते. मार्गदर्शकाची निवड करताना त्यांच्या कीर्तीइतकाच त्यांच्याकडील साधनांचा विचार करावा लागतो. कानपूर आयआयटीकडे स्वतःची धावपट्टी असलेली उड्डाण प्रयोगशाळा आहे. तेथील राष्ट्रीय वातबोगद्याचा चाचणी कक्ष 3 मीटर रुंद व 2.25 मीटर उंच आहे. बेंगळुरूच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेतील 1.2 मीटरच्या वातबोगद्यात ध्वनीच्या वेगाच्या 4 पटींपर्यंतच्या चाचण्या होतात. अशा सुविधांना उद्योग आणि संरक्षण क्षेत्रांतूनही मागणी असते. म्हणून चाचणीची वेळ पहिल्या सत्रातच निश्चित करणे आवश्यक ठरते.

पडताळणीचा प्रश्न

परीक्षकांचे पहिले प्रश्न बहुधा निष्कर्ष कितपत विश्वासार्ह आहेत याविषयी असतात. विमानाचा 1/20 आकाराचा नमुना त्याच वेगाच्या, त्याच घनतेच्या हवेत ठेवला, तर रेनॉल्ड्स अंकही मूळ अंकाच्या 1/20 होतो. परिणामी पंखालगतच्या प्रवाहाचे वर्तन बदलते. नमुन्यावर मिळालेला रोध जसाच्या तसा पूर्ण आकाराच्या विमानाला लावता येत नाही. नमुन्याने चाचणी कक्षाच्या छेदाचा मोठा भाग व्यापल्यास भिंतींचा परिणामही मोजमापात शिरतो. त्यामुळे हे प्रमाण सामान्यतः सुमारे 5 टक्क्यांच्या आत ठेवले जाते.

संगणकीय अभ्यासातही हीच काळजी लागते. गणनेची जाळी अधिक बारीक केल्यावर उत्तर लक्षणीय बदलत असेल, तर ते उत्तर हवेइतकेच जाळीचेही असते. आधी प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाशी तुलना करून पद्धत तपासली जाते आणि त्यानंतरच नव्या आकाराकडे वळले जाते.

परवानग्या आणि गोपनीयता

मानवरहित विमानांवरील प्रकल्पांना ड्रोन नियम, 2021 लागू होतात. केंद्र वा राज्य सरकारच्या अखत्यारीतील किंवा त्यांनी मान्यता दिलेल्या शिक्षणसंस्थांना संशोधन व चाचणीसाठी प्रकार प्रमाणपत्र, विशिष्ट ओळख क्रमांक आणि दूरस्थ वैमानिक परवाना यांतून सूट आहे. मात्र उड्डाण हरित क्षेत्रात आणि संस्थेच्या आवारात किंवा तिच्या ताब्यातील मोकळ्या जागेत व्हावे लागते. विमानतळाच्या परिघापासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात हरित क्षेत्राची मर्यादा 200 फूट आहे; अन्यत्र ती 400 फूट असते. विमानतळाला लागून असलेल्या संस्थांतील विद्यार्थ्यांना म्हणूनच चाचणीसाठी दूरची जागा शोधावी लागते.

सुरक्षा व मानवी घटक या विषयांत माहिती मिळवणे हाच मोठा अडसर असतो. विमान अपघात तपास ब्युरोचे प्रसिद्ध झालेले अंतिम अहवाल हा येथे खात्रीचा आधार आहे. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार अशा तपासाचा हेतू भावी अपघात टाळणे हा असतो, दोष ठरवणे हा नव्हे. प्रबंधिकेतही हीच मर्यादा पाळणे उचित. वैमानिक किंवा हवाई वाहतूक नियंत्रकांच्या मुलाखती घ्यायच्या असतील, तर संस्थेच्या नीतिसमितीची मान्यता, लेखी संमती आणि ओळख गुप्त ठेवण्याची व्यवस्था आधी करावी लागते.

लेखन आणि मौखिक परीक्षा

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधिकेतील साम्य 10 टक्क्यांपर्यंत असल्यास दंड नाही. 10 ते 40 टक्के साम्य आढळल्यास 6 महिन्यांच्या आत सुधारित लेखन सादर करावे लागते. 40 ते 60 टक्क्यांसाठी एक वर्षापर्यंत सादरीकरणास मनाई आहे. त्याहून अधिक साम्य असल्यास नोंदणीच रद्द होते. संदर्भसूची, श्रेय देऊन केलेली अवतरणे आणि प्रमाण समीकरणे या मोजणीत धरली जात नाहीत. आयआयटींचे याबाबत स्वतःचे नियम आहेत.

अखेरच्या मौखिक परीक्षेत मार्गदर्शकासह अन्य परीक्षक असतात. अपेक्षित निष्कर्ष न मिळालेला प्रकल्पही येथे टिकू शकतो, मात्र मोजमापातील त्रुटी, गृहीतके आणि पद्धतीच्या मर्यादा विद्यार्थ्याने स्वतः मांडलेल्या असाव्या लागतात. विमानविद्येत लपवलेल्या त्रुटीची किंमत पुढे उड्डाणात मोजावी लागू शकते. ही शिस्त अंगी बाणवणे हाच या प्रकल्पाचा मूळ हेतू आहे.