सोडण्यातली मिळकत

दिवाळी आली की माळ्यावरची अडगळ आपण आनंदाने बाहेर काढतो. अडगळ सोडणे सोपे. जीव लावून वाढविलेले सोडणे कठीण!

४ जानेवारी १८८१ रोजी पुण्यात 'केसरी' निघाला. गोपाळ गणेश आगरकर त्याचे पहिले संपादक. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात आगरकर आणि टिळक या दोघा मित्रांनी डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस काढले. असे पत्र सोडवेल कोणाला? पण आधी सामाजिक सुधारणा की आधी राजकीय, या वादात मने दुभंगली. बालविवाहावर, केशवपनावर आगरकरांना निर्भीडपणे लिहायचे होते. 'केसरी'त ते साधेना. १८८७ साली त्यांनी 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये स्वतःचा 'सुधारक' काढला.

यात द्रव्यलाभ नव्हता. उलट, सनातन्यांनी जिवंतपणीच त्यांची प्रेतयात्रा काढली! पण लेखणी आता सर्वस्वी त्यांची होती. १८९५ साली, वयाच्या अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी ते वारले. आज ते आपल्याला आठवतात ते 'सुधारक'कार म्हणूनच.

टिळकांचेही तसेच. आपणच उभारलेली डेक्कन एज्युकेशन सोसायटी त्यांनी १८९० मध्ये सोडली. वर्गात गणित शिकविणारे टिळक त्यानंतर साऱ्या देशाचे झाले.

मित्र दुरावले, हे दुःख खरेच. पण ते कुढत एकत्र राहिले असते, तर महाराष्ट्राला ना पुरते आगरकर लाभते, ना पुरते टिळक. कंटाळून हात झटकणे वेगळे आणि आपल्या कामासाठी हात मोकळे करणे वेगळे.