कोलंबाइन : स्वयंबीजन

कोलंबाइन (ॲक्विलेजिया व्हल्गॅरिस) ही मोरवेल कुलातील (रॅनन्क्युलेसी) बहुवर्षायू ओषधी मूळची यूरोपातील असून इंग्लंडमधील घरगुती बागांत ती शतकानुशतके आहे. बहुवर्षायू म्हटली तरी एकेक झाड साधारणतः तीन-चार वर्षेच जोमाने फुलते. त्यामुळे वाफा खरा टिकतो तो गळणाऱ्या बियांवर. फूल झडल्यावर बहुधा पाच पेटिकाफळे जुडीने उभी राहतात, वाळून टोकाशी उकलतात आणि देठ वाऱ्याने हलला की काळे, चकचकीत बी आसपास विखुरते. ते उजेडात रुजते; खोल पुरल्यास किंवा वर पालापाचोळ्याचा जाड थर दिल्यास रोपे क्वचितच येतात. पहिल्या वर्षी बहुधा नुसती पाने, फुले दुसऱ्या वर्षी.

बी पडू दिल्यास वाण बिघडतो, सगळी फुले जांभळी होतात, असा आक्षेप घेतला जातो. जांभळी फुले वाढतात हे खरे. पण जुने झाड रंग बदलत नाही. ते मरते आणि त्याची जागा भुंग्यांच्या परागणातून झालेली संकरित संतती घेते. तिच्यात मूळ जातीचा निळा-जांभळा रंग वारंवार उमटतो. ज्याला एकच रंग हवा त्याने एकच वाण लावावा आणि वेगळ्या रंगाची रोपे फुलताच उपटावीत. रोपे फार माजतात, ही तक्रारही रास्त आहे. मात्र फळे उकलण्यापूर्वी देठ छाटले की ती उरत नाही. बी रुजायला थंडीचा काळ उपकारक असल्याने महाराष्ट्राच्या उष्ण सपाटीवर हा क्रम सहसा चालत नाही. भारतात या प्रजातीच्या रानटी जाती हिमालयात आढळतात.